मशीन घ्यावं की छपाई बाहेरूनच आणावी?
वाचकांचे प्रश्न : साइन बोर्ड आणि मोठ्या मापाची छपाई

प्रश्न : आमचं बोर्ड-बॅनरचं दुकान आहे. कटिंग प्लॉटर (आकारात कापणारं मशीन) स्वतःचा, छपाई सोलापुरातून करून आणतो. महिन्याला सरासरी ६,००० चौरस फूट फ्लेक्स ८ रुपये दरानं आणि १,२०० चौरस फूट व्हिनाइल (मागे गोंद आणि कागद असलेला चिकटवायचा माल) २० रुपये दरानं येतं. दहा फुटी फ्लेक्स मशीनचं साडेसात लाखांचं आणि सहा फुटी इको-सॉल्व्हंटचं पाच लाखांचं कोटेशन हातात आहे. कोणतं घ्यावं? फ्लेक्सचा रोल आम्हाला ४ रुपये, व्हिनाइल ९ रुपये चौरस फुटाला पडेल. फ्लेक्स मशीनची सॉल्व्हंट (द्रावकातली) शाई ५०० आणि इकोची, म्हणजे सौम्य द्रावकातली, १,००० रुपये लिटर सांगितली आहे. — वाचक, बार्शी

उत्तर : तुम्ही आकडे दिलेत म्हणून हिशेबच मांडू.

आधी दहा फुटी. रोलचं शेपूट, चाचणी आणि चुकून वाया गेलेले प्रिंट धरून फ्लेक्सवर ५ टक्के तूट धरा, म्हणजे माल ४.२० रुपयांना पडला. शाई साधारण एका चौरस फुटाला एक मिलिलिटर लागते. गडद पार्श्वभूमीला जास्त, पांढऱ्यावर नुसती अक्षरं असतील तर कमी. तिचे ५० पैसे. एकूण ४.७०. बाहेरच्या ८ रुपयांतून ३.३० वाचले, म्हणजे महिन्याला १९,८००. आता खर्च. साडेसात लाख पाच वर्षांसाठी १२ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे १६,७०० बसतो. ऑपरेटर १६,०००, वीज ५,००० आणि हेड (शाईचे थेंब सोडणारा भाग) व सुट्या भागांसाठी बाजूला काढायचे ५,००० धरू. बेरीज ४२,७००. दर महिन्याला खिशातून जवळजवळ २३,००० जातील. मशीननं स्वतःचा खर्च भागवायला महिन्याला १३,००० चौरस फूट काम हवं, म्हणजे तुमच्या आजच्या दुपटीपेक्षा जास्त.

शिवाय ‘सरासरी ६,०००’ हा आकडा फसवा असतो. निवडणूक, गणपती आणि नेत्यांचे वाढदिवस यांच्या महिन्यांत तो १०,००० होतो. आषाढात आणि पितृपक्षात २,००० वर येतो. हप्ता मात्र पितृपक्ष पाळत नाही. आज मशीन बंद पडलं तर सोलापूरवाल्याची झोप उडते, उद्या ती तुमची उडेल.

आता सहा फुटी इको-सॉल्व्हंट. व्हिनाइलवर तूट ८ टक्के धरा, कारण तिरका भरलेला रोल इथे महागात पडतो. माल ९.७२, शाई १ रुपया, एकूण १०.७२. वाचले ९.२८, १,२०० फुटांवर ११,१०० च्या आसपास. हप्ता ११,१००, वीज २,५००, हेडसाठी ३,५००, मिळून १७,१००. वेगळा ऑपरेटर लागत नाही, प्लॉटरवरचा मुलगाच बघेल. तरीही ६,००० कमी पडतात. पण तुमच्या फ्लेक्सपैकी सहा फुटांच्या आत मावणारं २,००० चौरस फूट काम याच मशीनवर घेतलं, तर (माल ४.२०, इकोची शाई १ रुपया) फुटामागे २.८० वाचून ५,६०० मिळतात. जेमतेम तोंडमिळवणी झाली.

त्यामुळे आमचं मत इकोकडे झुकतं. रुंद फ्लेक्स सोलापूरहूनच येऊ द्या. तोंडमिळवणीच्या वरची कमाई यायची ती लेबल, गाड्यांचे स्टिकर, काचेवरचे आकार अशा छापून आकारात कापायच्या कामांतून. ही कामं आज तुम्ही बहुधा परत पाठवता, कारण बाहेरून छापून आणलेल्या व्हिनाइलवर कापण्याच्या खुणा जुळत नाहीत. मात्र तुमच्या प्लॉटरला खुणा वाचणारा डोळा आहे का, ते आधी बघा. नसेल तर पाच लाखांत प्लॉटरची किंमतही मिळवा आणि हिशेब पुन्हा करा.

प्रश्न : कोणी लेटेक्स घ्या म्हणतं, कोणी यूव्ही. सॉल्व्हंट आता जुनं झालं का? — वाचक, कोल्हापूर

उत्तर : जुनं झालेलं नाही. चौकातला फ्लेक्स आजही साध्या सॉल्व्हंटवरच परवडतो. शाई स्वस्त, पीव्हीसीत मुरते, उन्हापावसात टिकते. तोटा वासाचा आहे. या शाईतल्या सायक्लोहेक्झानोनसारख्या द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. छताजवळ एक्झॉस्ट लावून भागत नाही, फुटाभराच्या उंचीवर लावावा लागतो. ही वाफ पेटही घेते. दसऱ्याला मशीनची पूजा जरूर करा, पण कापूर आणि निरांजन वाया गेलेल्या शाईच्या कॅनपासून लांब ठेवा. निवासी इमारतीच्या तळमजल्यावर दुकान असेल तर साधं सॉल्व्हंट घेऊच नका. शेजारी महिनाभरात तक्रार करतील आणि ती खरी असेल.

इको-सॉल्व्हंटला वास कमी असतो, नसतो असं नाही. थेंब बारीक, त्यामुळे हातभर अंतरावरून वाचायच्या फलकाला चांगलं. सुकायला मात्र वेळ घेतं, त्याबद्दल पुढे येतंच.

लेटेक्स हे एचपीनं २००८ मध्ये बाजारात आणलेलं तंत्र. शाई पाण्यातली, उष्णतेनं पक्की होते. प्रिंट बाहेर आला की लगेच लॅमिनेट करता येतो, म्हणजे वर पारदर्शक फिल्म चढवता येते. दवाखाना, शाळा, शोरूमच्या आतल्या भिंती अशी कामं भरपूर असतील तर हा मोठाच फायदा. हेड आपल्या हातानं बदलता येतात, तंत्रज्ञाची वाट बघावी लागत नाही. तोटे दोन. विजेचं बिल, घेण्यापूर्वी मशीनला किती अँपिअरची लाइन लागते ते लेखी घ्या आणि मीटरचा मंजूर भार तपासा. दुसरं, स्वस्त व्हिनाइल आणि हलकं फ्लेक्स त्या उष्णतेला लाटांसारखं उचलतं आणि हेडला घासतं. तुमचा धंदा स्वस्त मालावर चालत असेल तर लेटेक्स तुमच्यासाठी नाही.

यूव्ही वेगळ्याच कामाचं. सनबोर्ड (फोमची कडक शीट), एसीपी (अ‍ॅल्युमिनियमचं पॅनेल), अॅक्रेलिक, लाकूड यांवर थेट छापायचं, अतिनील (यूव्ही) दिव्यानं शाई जागच्या जागी घट्ट करायची. व्हिनाइल छापा, सुकवा, चिकटवा हा सगळा खटाटोप वाचतो. पण काच आणि गुळगुळीत अॅक्रेलिकवर प्रायमर (शाई धरून ठेवणारा लेप) न लावता छापलं तर नखानं खरवडून निघतं. एसीपी आधी छापून मग वाकवलं तर घडीवर शाई तडकते. पांढरी शाई तळाशी बसते. रोज हलवली नाही, तिचं सर्क्युलेशन बंद ठेवलं, तर पहिल्यांदा तिचंच हेड जातं. आणि न सुकलेली यूव्ही शाई हाताला लागू देऊ नका. एकदा अॅलर्जी जडली की पुढे थोड्याशा शाईनंही त्रास होतो. नायट्राइलचे हातमोजे घाला.

प्रश्न : जुनं मशीन स्वस्तात मिळतंय. हेड ‘नुकतंच बदललंय’ म्हणतात. काय तपासावं? — वाचक, नांदेड

उत्तर : नुकतंच बदललेलं हेड असलेलं मशीन माणूस का विकतोय, हा पहिला प्रश्न. उत्तर पटलं तर पुढे जा.

हेड कोणतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एक्सपी-६०० हे मुळात टेबलावरच्या छोट्या प्रिंटरचं हेड. १८० नोझलच्या (शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांच्या) सहा ओळी, छपाईची पट्टी एक इंच. स्वस्त आहे, वर्षभरात बदलायचं हे गृहीत धरून वापरलं तर लहान दुकानाला चालतं. आय-३२०० मध्ये ४०० नोझलच्या आठ ओळी असतात, पट्टी १.३३ इंचांची, म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांत जास्त काम. पण त्यातही प्रकार आहेत. ए-१ पाण्याच्या शाईसाठी, ई-१ इको-सॉल्व्हंटसाठी, यू-१ यूव्हीसाठी. इको मशीनला ए-१ बसवून विकलेलं असेल तर आतला गोंद द्रावकानं हळूहळू सुटतो आणि रंग एकमेकांत मिसळायला लागतात. पहिले काही आठवडे काहीच कळत नाही. लेबलवरचं नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग ही चाचणी घ्या. मशीन रात्रभर बंद होतं, अशा सकाळी जा. हेड साफ करण्याआधीच नोझल चेक, म्हणजे कोणती नोझल चालतात ते दाखवणारा नमुना, काढायला सांगा. त्यानंतर निळसर, गुलाबी, पिवळा, काळा असे चार रंग शंभर टक्के भरून पूर्ण रुंदीत एकेक मीटर, आणि दोन रंग मिसळून होणारे लाल, हिरवा, जांभळट निळा तसेच एकेक मीटर छापा. लगेच दुसरा नोझल चेक. पहिला स्वच्छ आणि दुसऱ्यात नोझल गळालेली असतील तर हेड ठीक असून शाई पुरत नाही. दोष डॅम्परचा (हेडच्या आधीची शाईची छोटी डबी) किंवा पंपाचा, नाहीतर नळीत हवा शिरलेली. हजार-दोन हजारांत निभावतं. दोन्हींत त्याच जागी तीच नोझल गायब असतील, सफाईनंतरही, तर ती गेलीच. नोझल आहे पण रेघ वाकडी पडते, हे त्याहून त्रासदायक. गायब नोझल फेऱ्या वाढवून झाकता येतं, वाकडं झाकता येत नाही.

मशीन दहा फुटी असेल तर मापपट्टी घेऊन जा. त्याचं अंग पंधरा-सोळा फूट भरतं. दोन्ही बाजूंना माणूस आणि पुढे-मागे रोल बदलायला जागा हवी. दुकानाचं शटर, जिना, वळण यातून ते आत येईल का, हे सौदा करण्याआधी मोजावं. नंतर भिंत फोडणारे असतात.

प्रश्न : पावसाळ्यात व्हिनाइलला सुरकुत्या येतात आणि हेड घासतं. उन्हाळ्यात तर काही होत नाही. — वाचक, चिपळूण

उत्तर : व्हिनाइल ओलावा घेत नाही, त्याच्या मागचा कागद घेतो. कागद फुगतो, वरचं व्हिनाइल तेवढंच राहतं, म्हणून लाटा येतात. रोल उघडला की उरलेला भाग त्याच्या पॉलिथिनच्या पिशवीत परत घाला, तोंड बांधा. छपाईच्या आधी पूर्ण दिवस तो मशीनच्याच खोलीत असू द्या. गोदामातून आणून लगेच चढवू नका. खोलीची आर्द्रता ४० ते ६० टक्के, तापमान २० ते २८ अंश हवं. चिपळुणात जुलैमध्ये ते एसी किंवा डीह्युमिडिफायरशिवाय होणार नाही. पुढचा हीटर ४० अंशांच्या आसपास ठेवून बघा, जास्त तापवलं तर व्हिनाइल मऊ होऊन उलट उचलतं. रोलचे पहिले दोन-तीन फूट सहसा जास्त ओलसर असतात, तेवढे सोडून छापायला सुरुवात करा.

तुमच्या उलट त्रास मराठवाड्यात मार्च-एप्रिलला होतो. कोरड्या हवेत स्थिर वीज साचते, थेंब भरकटतात, अक्षरांच्या कडेला धूर पसरल्यासारखं दिसतं. तिथे जमीन ओली पुसणं आणि अर्थिंग सुधारणं हे दोन उपाय आधी. न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मल्टिमीटरनं मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर मशीनसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा करून घ्या. नळाच्या पाइपला बांधलेली तार म्हणजे अर्थिंग नव्हे. यूपीएसवर फक्त मशीनचा इलेक्ट्रॉनिक भाग ठेवा. हीटर त्यावर टाकला की यूपीएस बसतो.

प्रश्न : प्रिंटवर आडव्या रेघा पडतात. तंत्रज्ञ प्रत्येक वेळी हेड खराब म्हणतो. — वाचक, संगमनेर

उत्तर : रेघ पांढरी आहे का गडद, आणि ठरावीक अंतरावर येते का, ते आधी बघा. ठरावीक अंतरावर पांढरी असेल तर माल प्रत्येक फेरीला जरा जास्त पुढे सरकतोय. गडद असेल तर कमी सरकतोय, पट्ट्या एकावर एक चढताहेत. दोन्हींत हेडचा दोष नाही, स्टेपचं, म्हणजे दर फेरीला माल सरकण्याचं, माप दुरुस्त करा. हे माप मालागणिक बदलतं. स्टार फ्लेक्सला बसलेलं व्हिनाइलला बसत नाही, म्हणून प्रत्येक मालासाठी आकडा लिहून मशीनवरच चिकटवा. रेघ एकाच रंगात असेल तर नोझल. सुरुवात चांगली आणि पुढे पुढे रंग फिका पडत गेला, तर शाई पुरत नाही. जाताना ठीक, येताना अक्षर दुहेरी दिसतं, तर दोन्ही दिशांचं जुळवणीचं माप गेलंय.

प्रश्न : चवथीला दुकान आठ दिवस बंद असतं. परत आल्यावर हेड बुजलेलं. — वाचक, म्हापसा

उत्तर : जाताना कॅपिंग स्टेशन (बंद असताना हेड ज्या कॅपवर टेकतं ती जागा) आणि वायपर (हेड पुसणारी रबरी पट्टी) फ्लशनं, म्हणजे हेड धुण्याच्या द्रावणानं, धुवा, कॅप फ्लशनं काठोकाठ भरा, हेड त्यावर नीट बसलंय का ते पाहा. कॅपच्या रबराला चीर असेल तर आठ तासांतही हेड सुकतं; तो बदलायला फार पैसे लागत नाहीत. तुमच्या मशीनमध्ये ठरावीक वेळानं आपोआप थोडी शाई सोडण्याची सोय असेल तर मुख्य वीज बंद करू नका. पंधरा दिवसांहून जास्त बंद राहणार असेल तर शाई काढून नळ्या फ्लशनं भरलेल्या बऱ्या.

बुजलेलं हेड उघडताना थिनर, स्पिरिट, पाणी यांतलं काहीही वापरू नका. त्याच शाईचं फ्लश घ्या. हेडखाली फ्लशनं भिजवलेलं, धागे न सुटणारं कापड तासभर ठेवा. सिरिंज वापरायचीच तर सात-आठ मिलिलिटर, हळूहळू, जोर न लावता. जोरानं दाबलं की आतला पातळ पडदा फाटतो. सगळ्यात महागडी चूक मात्र वेगळी आहे. हेडची रिबन केबल ओली असताना किंवा वीज चालू असताना काढली-घातली तर हेडबरोबर बोर्डही जातो. वीज बंद करून पाच मिनिटं थांबा, मगच केबलला हात लावा.

प्रश्न : लॅमिनेशननंतर दोन दिवसांत कडा गुंडाळतात, फुगे येतात. — वाचक, जळगाव

उत्तर : घाई. इको-सॉल्व्हंटचं द्रावक प्रिंट कोरडा दिसला तरी आत असतं आणि व्हिनाइलच्या गोंदालाही मऊ करतं. किमान २४ तास, गडद रंग असतील तर ४८ तास, रोल सैल करून उभा ठेवा. घट्ट गुंडाळून ठेवलेले २४ तास धरू नका, वाफ बाहेर पडत नाही. त्यानंतरही कडा उठल्या तर माल बघा. वळणदार गाडीवर मोनोमेरिक (सर्वांत स्वस्त प्रकारचं) व्हिनाइल लावलं असेल तर ते उठणारच. तिथे कास्ट (वळणावर बसणारं महाग व्हिनाइल) हवं, सपाट पण दोन-तीन वर्षं टिकवायच्या बोर्डाला पॉलिमेरिक (मधल्या दर्जाचं).

प्रश्न : ग्राहकाच्या फाइलमधली मराठी अक्षरं छापताना फुटतात. जोडाक्षरं सुटतात, रफार भलतीकडे जातो. नवीन नियमामुळे मराठी बोर्ड वाढलेत, म्हणून त्रासही वाढलाय. — वाचक, ठाणे

उत्तर : श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल त्या फॉन्टशिवाय उघडली की चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोडची फाइल कोरल या डिझाइन सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत उघडली की वेलांटी आणि रफार हलतात. दोन्हींवर उपाय एकच. ग्राहकाकडूनच अक्षरं कर्व्ह करून (अक्षरांची आकृती करून) मागवा आणि सोबत मजकुराचा फोटो मागा. कर्व्ह केल्यानंतर तो मजकूर फोटोशी ताडून पुन्हा वाचा, कारण आता दुरुस्ती सोपी नाही.

देवनागरीची आणखी एक गोची इंग्रजी बोर्ड करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. शिरोरेघा एकमेकींवर चढलेल्या असतात. कर्व्ह करून नुसतं कंबाइन (आकार फक्त एकत्र) केलं तर चढलेल्या जागी भोक पडतं, आणि प्लॉटरवर पाठवलं तर सुरी शिरोरेघेच्या मधूनच कापत जाते. कंबाइन नको, वेल्ड करा, म्हणजे आकार जोडून एकसंध करा. अनुस्वाराचा ठिपका पाच मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर व्हिनाइल सोलताना तो कागदावरच राहतो. थोडा मोठा करा.

दुकानाची पाटी मराठीत हवी या नियमाचं म्हणाल तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांची सूट गेली. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतल्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली होती. मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, हे डिझाइन करतानाच मोजा. लावलेला बोर्ड उतरवायचा खर्च ग्राहक तुमच्याच बिलातून कापतो.

जाता जाता मालाबद्दल. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. फ्लेक्स विकणारे जीएसएम सांगतात, मायक्रॉन सांगत नाहीत. दोन्ही मापं वेगळी. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, मायक्रॉन म्हणजे जाडी. बिलावर मायक्रॉन लिहून घ्या आणि मायक्रोमीटरनं रोलच्या दोन्ही टोकांना व मध्ये मोजून ठेवा.